हात नसलेल्यांचा वाटा

डॉल्फिनला स्वतःचं नाव असतं हे २०४१ साली निर्विवाद सिद्ध झालं, तेव्हा केळबावातल्या निम्म्या लोकांची रेशनकार्डावरची नावं अजून चुकीचीच होती. त्यामुळे बातमीचं गावात फारसं कौतुक झालं नाही.

"त्येंका नावां कोणी दिल्यान?" बाबल मेथरने एवढंच विचारलं.

"कोणी नाही, बाबा. पिल्लू स्वतःच आपलं नाव ठरवतं," मैथिली म्हणाली.

"म्हणजे बारसा नाय, जेवणावळ नाय. शानी जात."

बाबल हा केळबावच्या रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ मारून सोडलेलं लांबलचक जाळं, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणि दोन्ही दोरांना लटकलेलं गाव, म्हणजे रापण. जाळं वाळूवर आलं की मासळीचे वाटे पडतात. दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा, मग तो हात कोणाचाही असो. बदली होऊन आलेल्या बँकेच्या मॅनेजरने एकदा गंमत म्हणून दोर धरला, तर संध्याकाळी त्याच्या दारात बांगडे पोचले. तो शाकाहारी होता, पण त्याला कोणी विचारलं नव्हतं.

मैथिली ही बाबलची एकुलती एक मुलगी. समुद्रातल्या आवाजांवर तिने गोव्यात डॉक्टरेट घेतली होती. "डॉक्टर झालंस, मगे सुई खंय टोचतंस?" हा विनोद बाबल तेव्हापासून करत आला होता आणि दर वेळी एकटाच हसत होता.

तिचं शास्त्र तसं सोपं होतं. गढूळ पाण्यात डॉल्फिन आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते ओळखतो. पण नायलॉनचा बारीक धागा प्रतिध्वनी जवळजवळ देतच नाही. शिवाय आपण आपल्या घरात पाणी प्यायला उठलो तर दिवा लावत नाही, तसा ओळखीच्या पाण्यात डॉल्फिनही सतत आवाज सोडत बसत नाही. मग तो जाळ्यात गुंततो, श्वास घ्यायला वर येऊ शकत नाही आणि बुडून मरतो. जन्मभर समुद्रात राहिलेला प्राणी बुडून मरतो, हे मैथिलीला इतक्या वर्षांनंतरही पटकन सांगता येत नसे. पूर्वी यावर उपाय म्हणून जाळ्यांना टिकटिक वाजणारी यंत्रं बांधत. काही दिवस डॉल्फिन बिचकले. मग त्यांच्या लक्षात आलं, की आवाज तिथे जाळं आणि जाळं तिथे आयती मासळी. यंत्राची जेवणाची घंटा झाली.

नव्या शोधाने इथे वाट काढली. प्रत्येक डॉल्फिनची एक खास शिट्टी असते. ती त्याची ओळख, आणि दुसऱ्याला त्याला बोलवायचं असलं तर तोही तीच शिट्टी वाजवतो. रस्त्यात हॉर्न वाजला म्हणून आपण वळून बघत नाही. पण कोणी आपलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आई चिडल्यावर घ्यायची त्या सुरात घेतलं की पाय आपोआप थांबतात. मैथिलीचं यंत्र नेमकं हेच करी. ते पाण्यात कान लावून बसे, कोण येतंय ते शिट्टीवरून ओळखे, त्याचं नाव घेई आणि मागोमाग डॉल्फिनांचाच धोक्याचा आवाज सोडी. सरकारी कागदावर त्याला 'स्वरसंकेत प्रणाली, टप्पा दोन' असं म्हटलं होतं. टप्पा एकचं काय झालं हे कोणालाच माहीत नव्हतं. गाव त्याला 'हाळी' म्हणे.

हाळीला एकच हंगाम मिळाला होता. मागच्या वर्षी केळबावच्या किनाऱ्याला मेलेले डॉल्फिन लागले होते. ते कोणाच्या जाळ्यात मेले हे कळायला मार्ग नव्हता. बाहेरच्या मोठ्या बोटी रात्री झगमगते दिवे लावून येत आणि उजाडायच्या आत निघून जात. रापण मात्र दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. तेव्हा सापडायला सोपी तीच. सागरी संरक्षणाचे उपसंचालक टेंभेकर यांनी कळवून टाकलं, की या हंगामात जाळ्यात एक जरी डॉल्फिन मेला तरी केळबावचा दर्या कायमचा बंद होईल. रापणीलाही आणि हाळीलाही. टेंभेकर व्याघ्र प्रकल्पातून आले होते. माणसं बाहेर आणि प्राणी आत, हे सूत्र तिथे त्यांना चांगलं लागू पडलं होतं. समुद्राला कुंपण घालता येत नाही ही त्यांच्या मते निसर्गाची त्रुटी होती.

पहिला महिना छान गेला. रापणीच्या मांगरात, जाळी ठेवायच्या त्या झोपडीत, मैथिलीने एक पडदा टांगला. त्यावर डॉल्फिनांच्या वाटा रेषांनी उमटत. हाळी नाव घेई आणि रेष जाळ्यापासून लांब वळे. पडद्यावर के-एक, के-दोन अशी नावं होती. ती गावाने आठवडाभरात बदलली. सगळ्यात वयस्क मादी ती काशी. सतत बडबडणारा तो वकील. पुढे पुढे पोहणारा आणि बाकी काहीच न करणारा तो सरपंच. खरे सरपंच तेव्हापासून मांगरात यायचे बंद झाले.

मग मैथिली आकडेमोडीसाठी काही आठवडे गोव्याला गेली. परत आली ती थेट मांगरात, आणि पडद्यासमोर तशीच उभी राहिली.

"बाबा, हे काय? नाव घेतलं की सगळ्या रेषा जाळ्याकडे येतायत."

"येतत तर!" बाबल अभिमानाने म्हणाला. "एक हाक मारली की येतत. तू फोन तरी उचलतंस काय?"

"यायला नकोयत ते! जायला हवेत!"

दोघेतिघे एकदम जाळं विणायला लागले. शेवटी रुजाय फर्नांडिस पुढे झाली. सत्तरी ओलांडलेली ही बाई रापणीचे वाटे घाली आणि तिने घातलेल्या वाट्यावर आजवर कोणी शब्द काढला नव्हता.

"तेंका वाटो देतंव आमी," ती म्हणाली. "जाळा वर इला की टोपलीभर बारके पेडवे पाण्यात."

"काय?"

"बाय, नावान हाक मारूची, आणि दारात इलेल्याक पेज इचारूची नाय? ह्या खंयचा वळण? नावां म्हायत नव्हती तोवर ठीक होता."

"मावशी, ती माणसं नाहीत."

"ता काशीक सांग. काशी नि वकील भायरसून मासळी आत हाकलतत. माझ्या डोळ्यांनी बघलंय. दोराक हात लावणत नाय म्हणशीत, तर हातच नाय तेंका. हात नाय म्हणान वाटो बुडवूचो?"

मैथिली एका पालथ्या टोपलीवर बसली. तिने आठ वर्षं घालवून धोक्याची सूचना तयार केली होती आणि केळबावाने ती पाहुणचार करून मोडीत काढली होती. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही किनाऱ्यावर ही चूक झाली नसती.

"बाबा, ऐका," ती हळू म्हणाली. "हाळी म्हणते लांब राहा. तुम्ही तिचा अर्थ जेवायला या असा करून ठेवलाय. पुढच्या महिन्यात हेच यंत्र जिल्ह्यातल्या सगळ्या बोटींवर लागणार आहे. तिथे कोणी पेडवे टाकणार नाही. काशी आपलं नाव ऐकून आनंदाने जाईल आणि तिथल्या जाळ्यात गुदमरेल. तुमच्या वाट्याने मरेल ती."

बाबलचा हात सुतावरच थांबला.

"मगे वाटो बंद?" त्याने विचारलं.

"बंद."

"ता जमाचा नाय."

"मग दर्या बंद होईल. टेंभेकर येतायत."

"येऊंदे. आमका काढल्यानी की रातचे दिवेवाले मोकळेच. बघूक कोण उरतलो?"

"ते मला नका सांगू, त्यांना सांगा!"

दोघंही मोठ्याने बोलले होते. त्या दिवशी बापलेक एकाच घरात, एकाच पंगतीला जेवले आणि रुजायमार्फत एकमेकांकडे मीठ मागितलं. रुजाय त्यांच्याकडे जेवायला थांबलीही नसती, पण कोणीतरी मध्ये हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैथिली ओसरीवर कागद पसरून बसली होती. वाटा थांबवून भागणार नव्हतं. एकदा लागलेली आशा लवकर सुटत नाही. उपाशी डॉल्फिन जाळ्याभोवती अधिकच घिरट्या घालतील. बाबल तिच्या मागे येऊन उभा राहिला. समेट करायचा असला की तो लग्नकार्याबद्दल बोले.

"लग्नात चुलीकडे गर्दी झाली तर काय करतत?"

"काय करतात?"

"पानां मांडवात मांडतत. जेवाण बंद नाय करणत."

मैथिलीने मान वर केली. मग तिने समुद्राकडे पाहिलं. किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला बगळ्यांचा खडक होता. तिथे जाळी फाटतात म्हणून कधी कोणी जाळं टाकत नसे.

योजना अशी ठरली. हाळीतून धोक्याचा आवाज काढून टाकायचा. जाळ्याजवळ डॉल्फिन आला की हाळी फक्त त्याचं नाव घेईल. लगेच खडकावर बसवलेली दुसरी हाळी तेच नाव घेईल. आणि वाटा मिळेल तो खडकापाशीच, होडीतून. जाळ्यातून नाव आलं म्हणजे पान तिकडे मांडलंय, इतकं त्यांना कळलं की झालं. कुठल्याही बोटीने हाक मारली तरी काशी खडकाकडे निघेल. प्राण्यांना हुसकावणारी यंत्रं जगात पोत्याने झाली होती. दुसरीकडे जेवायला पाठवणारं मैथिलीच्या माहितीत तरी हे पहिलंच.

सुरुवातीला गोंधळ झाला. वकिलाने दोन्हीकडे हजेरी लावून दोन्हीकडे तक्रार केली. सरपंच खडकावर सगळ्यांच्या आधी पोचू लागला आणि आधी पोचला म्हणून जास्त मागू लागला. पण रेषा हळूहळू वळल्या. शेजारच्या गावातल्या एका बोटीवर मैथिलीने हाळी लावून पाहिली. तिथेही नाव घेताच डॉल्फिनांनी जाळ्याकडे पाठ फिरवली. त्या बोटीचा मालक म्हणाला, "आमचे गादे तुमच्याकडे जेवाक जातत, ह्यो अपमान आसा." डॉल्फिनला इकडे गादा म्हणतात. पुढच्या खेपेस त्याने आपल्याकडची एक टोपली पाठवून दिली.

मग टेंभेकर आले. चांगले इस्त्रीचे कपडे आणि बूट घालून ते वाळूत उभे राहिले, आणि होडीत ठेवलेल्या पेडव्यांच्या टोपलीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे काय आहे?"

"गाद्यांचो वाटो," बाबल म्हणाला.

मैथिलीने डोळे मिटून घेतले.

"वन्य प्राण्यांना खाद्य घालणं गुन्हा आहे, मेथर. डॉक्टर मॅडम, तुम्हाला तरी ठाऊक असायला हवं. हे एवढं कारण मला बंदीसाठी पुरेसं आहे."

"सर, आधी रापण तर बघा," मैथिली म्हणाली. "मग काय ते ठरवा."

रापण निघालीच होती. पाण्याला ओढ होती आणि दक्षिणेकडच्या दोराला माणसं कमी पडत होती. "साहेबानू, उभे कित्याक? धरा!" रुजाय ओरडली. कोणी इतक्या खणखणीतपणे हुकूम सोडला, की शासकीय सेवेत मुरलेला माणूस तो आधी पाळतो आणि अधिकार कोणाचा ते मागाहून तपासतो. टेंभेकरांनी दोर धरला.

हाळीने नावं घेतली. पडद्यावर काशीची रेष वळली, वकिलाची वळली, सरपंच तर केव्हाच पोचला होता. जाळं जड येत होतं. हंगामातला पहिलाच भरघोस बांगडा होता आणि दोरावरच्या लोकांचे चेहरे ओढता ओढताच उजळले होते.

तेवढ्यात जाळ्याच्या पोटात एक लहानशी काळी पाठ वर आली आणि खाली गेली.

"पोर!" कोणीतरी किंचाळलं. "काशीचा पोर!"

काशी आठवड्यापूर्वीच व्याली होती. मैथिलीने पडद्याकडे पाहिलं. हाळी गप्प होती. चूक यंत्राची नव्हती. पिल्लू आपलं नाव ठरवायला कित्येक महिने घेतं. ज्याला अजून नावच नाही त्याला हाक कशी मारणार? आई नाव ऐकून खडकाकडे गेली होती आणि तिच्या मागे राहिलेलं पिल्लू बांगड्याच्या झुंडीत वाट चुकून आत शिरलं होतं.

"दोर सोडा!" बाबल गरजला.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. जाळ्यात पाणी चांदीसारखं उकळत होतं.

"सोडा म्हणतंय मां! बुयांवर चढा, बुयो दाबा!"

दोरांवरचे हात सुटले. बाबल कपड्यांनिशी पाण्यात शिरला, मागून बाकीचे. जाळ्याची वरची कड तरंगती ठेवणाऱ्या बुया त्यांनी अंगाच्या भाराने पाण्याखाली दाबल्या. कड बुडाली आणि तिच्यावरून बांगडा भसाभस बाहेर निघाला. पिल्लू मात्र निघेना. ते घाबरून किनाऱ्याच्याच बाजूला गोल गोल फिरत होतं, आणि दर फेरीला जाळं त्याच्या अंगाला जास्त घासत होतं.

मैथिली होडी घेऊन जाळ्याबाहेर पोचली होती. हातात जादाची हाळी होती. पिल्लाला स्वतःचं नाव नसलं तरी आईचं नाव माहीत असतं. पोटात असल्यापासून ते तेच ऐकत आलेलं असतं. पण ही शिट्टी बुडवलेल्या कडेपलीकडून वाजवली, तर काशीही ती ऐकणार. जाळ्याकडून नाव आलं की खडकाकडे जायचं, एवढं शिकवायला सगळा गाव खपला होता. आता जाळ्यापाशी तिला तिचं पिल्लू भेटलं, तर पुढच्या हाकेला ती कुठे जाईल?

"वाजव गे बाय!" बाबल मानेपर्यंत पाण्यात उभा राहून ओरडला. "मगे परत शिकवूंया!"

तिने काशीचं नाव वाजवलं.

पिल्लू थांबलं. वळलं. बाबलच्या खांद्याला घासून, बुडवलेल्या कडेवरून, बाहेर पडलं. समोरून एक मोठी पाठ वेगाने येत होती. दोन पाठी एकमेकींना भिडल्या आणि खोल पाण्याकडे गेल्या.

किनाऱ्यावर एक दोर अजून ताठ होता. 'सोडा' म्हणजे खरोखरच सोडायचं हे कळायच्या आत सगळे पळाले होते, त्यामुळे दक्षिणेकडची बाजू उपसंचालक एकटेच सांभाळत होते. ते कमरेपर्यंत भिजले होते आणि त्यांचा एक बूट दिसत नव्हता.

जाळ्यात जेमतेम दोन टोपल्या मासळी उरली. रुजायने तिचे वाटे घातले, प्रत्येकी दोन दोन बांगडे, आणि एक वाटा टेंभेकरांसमोर ठेवला.

"मला हे घेता येणार नाही. शासकीय सेवकाने भेट स्वीकारणं—"

"भेट खंयची? दोर धरलात मां?"

टेंभेकरांनी आपले तळवे पाहिले. ते सोलवटले होते. "म्हणजे हा श्रमाचा मोबदला."

"तर मगे."

मैथिली पेडव्यांची टोपली घेऊन खडकाकडे निघाली होती. टेंभेकर तिला अडवणार असं वाटलं, पण ते नुसतेच होडीकडे बघत राहिले. व्याख्या शोधण्यात ज्याची हयात गेली आहे अशा माणसाच्या चेहऱ्यावर एखादी सापडल्यावर जो आनंद येतो, तो हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर आला.

"मॅडम, हे डॉल्फिन मासळी आत हाकलतात, हे तुम्ही सिद्ध करू शकाल?"

"रेषा आहेत, सर. रोजच्या."

"मग ते खाद्य नव्हे. खाद्य म्हणजे काही न करता दिलेलं. डॉल्फिनला मोबदला देऊ नये असं कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही. कोणाच्या डोक्यातच आलं नसणार."

"आणि बंदी?"

ते वाळूत बसून उरलेला बूट काढत होते. "तिकडे आम्ही गावं उठवली. वाघ वाढले, खोटं नाही. पण आज भरलेलं जाळं यांनी माझ्या परवानगीशिवाय सोडून दिलं. यांना उठवलं तर हे कोण करणार? रात्री दिवे लावून येणाऱ्या बोटींवर नजर कोण ठेवणार? मला तरी सुचत नाही." त्यांनी बूट उपडा करून पाणी ओतलं. "बंदी त्या दिवेवाल्यांना. रापण राहू दे, आणि पहारा रापणीचा. पण मॅडम, पिल्लाचं काय ते बघा."

जाताना त्यांनी बांगडे फायलींच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातले.

रापण पुन्हा निघाली तेव्हा दोर धरूनही कोणी ओढेना. सगळ्यांची नजर पाण्यावर होती. नवा नियम रुजायने घातला होता: पिल्लू कुठे आहे ते दिसल्याशिवाय ओढायचं नाही. हाळीने काशीचं नाव घेतलं. खडकावरच्या हाळीने तेच नाव घेतलं. काशीची रेष जागच्या जागी थांबली.

मग रेष वळली, खडकाकडे. काशीची पाठ वर आली, आणि तिच्या कुशीला चिकटून, तिच्याबरोबरच, लहान पाठ.

"ओढा!" बाबल म्हणाला.

जाळं आलं, वाटे पडले, आणि खडकाच्या टोपलीवरून भांडण जुंपलं.

"पोराचो अर्धो घाल गे."

"पोराक कित्याक? दुधार आसा ता. दात तरी इलेत?"

"नाव पण नाय तेका. वाटो कोणाच्या नावार घालूचो?"

"नाव ठेवील ते," मैथिली म्हणाली. "काही महिने जाऊ देत."

"गप ऱ्हवा सगळे," रुजाय म्हणाली. "काशी बाळंतीण आसा. बाळंतिणीक दीड वाटो. तुमचो जल्म झालो तेव्हा तुमच्या आवशींक पण मीच दिल्लंय."

बाबलने पेडव्यांची आणखी एक ओंजळ टोपलीत टाकली आणि होडी पाण्यात ढकलली.